अंगणातला घन आणि पुस्तकातली तुटक रेघ

फळ्यावर घन काढायची एक ठरलेली रीत आहे. एक चौरस काढायचा, थोडा वर आणि उजवीकडे सरकवून तेवढाच दुसरा काढायचा, मग कोपऱ्याला कोपरा जोडायचा आणि मागच्या तीन कडा तुटक रेघेनं दाखवायच्या. पाचवीतली मुलं हे चित्र वहीत हुबेहूब उतरवतात. पण "याच्या कडा मोजा" म्हटलं की कुणी नऊ म्हणतं, कुणी दहा, कुणी बारा. तुटक रेघ मोजायची की नाही यावरून वर्गात दोन तट पडतात. शिरोबिंदू विचारले तर बरीच मुलं सात सांगतात, कारण भरीव घनाच्या चित्रात दिसतात तेवढे सातच.

त्याच मुलांच्या हातात पुठ्ठ्याचा खोका दिला की ती बोट फिरवून ६ पृष्ठं, १२ कडा आणि ८ शिरोबिंदू बिनचूक मोजतात. म्हणजे घन त्यांना कळलेला असतो. अडतं ते घनाच्या चित्रापाशी. कागदावरच्या त्या सपाट रेघा म्हणजे कुठूनतरी पाहिलेला घन आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. पुढे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ठोकळ्यांचे आणि घडणींचे, म्हणजे खोका उलगडून सपाट केल्यावर मिळणाऱ्या आकारांचे प्रश्न येतात, तेही सगळे चित्रातूनच सोडवायचे असतात.

मी माण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते सातवीची शाळा. खोका आणि चित्र यांच्या मध्ये एक पायरी हवी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ती पायरी मला एआरमध्ये, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीमध्ये सापडली. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून समोरची खरी जमीन दिसते आणि त्या जमिनीवर, खऱ्या वस्तूसारखा, गणितातला घन ठेवलेला दिसतो. आपण फिरलो की त्याची दुसरी बाजू दिसते.

या तंत्राचा जन्म खेळात झालेला नाही. १९९०च्या सुमारास अमेरिकेत बोइंग कंपनीतले टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल विमानातल्या वायरिंगवर काम करत होते. कामगारांना आराखडे बघून मोठ्या फळ्यांवर वायरींचे जुडगे मांडावे लागत. आराखडा एकीकडे, फळी दुसरीकडे. तेव्हा डोळ्यांसमोरच्या काचेतून आराखडा थेट फळीवरच दिसला तर, ही त्यांची कल्पना होती. १९९२मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. हे वाचल्यावर मला फार जवळचं वाटलं. कागदावरची आकृती आणि हातातली वस्तू यांची सांगड घालायची, हीच तर माझ्या वर्गाचीही अडचण होती.

मी वापरते ते अ‍ॅप म्हणजे जिओजेब्राचा थ्रीडी कॅल्क्युलेटर. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२च्या सुमारास आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी जिओजेब्राचं काम सुरू केलं. शाळांना ते फुकट मिळतं. घन, चिती (प्रिझम), सूची (पिरॅमिड), शंकू आपण स्वतः काढायचे आणि एआरचं बटण दाबायचं, की आकार समोरच्या जमिनीवर येतो. अ‍ॅप एकदा उतरवून घेतलं की आकार काढायला नेट लागत नाही, आणि आमच्या वाडीवर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

पण सगळ्या मोबाईलवर हे चालत नाही. फोनवर एआर चालायला लागणारी यंत्रणा ॲपलनं २०१७मध्ये एआरकिट या नावानं आणली आणि गुगलनं २०१८मध्ये एआरकोअर या नावानं. अँड्रॉइड फोनला एआरकोअरची मान्यता असावी लागते, आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनना ती नसते. लोकवर्गणीतून शाळेला मिळालेल्या टॅबवर आकार नुसता पडद्यावर फिरवता येतो, जमिनीवर उतरत नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर उतरला. म्हणजे सबंध वर्गाला एकच फोन. याचं मला आधी दडपण आलं होतं. पुढे कळलं की वर्गातलं बोलणं त्या एका फोनमुळेच वाढलं.

दुसरी गोष्ट जागेची. आमच्या वर्गात पांढरी गुळगुळीत फरशी आहे, खिडकीतल्या उन्हानं चकाकते. तिथं घन ठरत नव्हता, तरंगायचा, सरकायचा. याचं कारण साधं आहे. फोन कॅमेऱ्यातून जमिनीवरचे ठिपके, भेगा, डाग अशा खुणा हेरतो, त्या खुणा कशा सरकतात ते पाहतो, आणि फोनच्या आतले संवेदक त्याची हालचाल सांगतात. दोन्हींचा मेळ घालून जमीन कुठं आहे हे तो ताडतो. कोऱ्या पांढऱ्या फरशीवर हेरायला काहीच नसतं. अंगणात कडुनिंबाखाली मात्र खडे, वाळकी पानं, काड्या, मुंग्यांची वारुळं असं सगळं असतं. तिथं घन क्षणात बसला आणि जागचा हलला नाही. झाडाची सावली असल्यानं पडदाही नीट दिसला. तेव्हापासून आमचा भूमितीचा तास अंगणात होतो. अंधूक व्हरांड्यातही हे नीट चालत नाही, उजेड लागतोच.

पहिल्या तासाला मी फोन पिशवीतच ठेवला. आधी खोके दिले आणि प्रत्येकाला आपापल्या जागेवरून खोक्याचं चित्र काढायला सांगितलं. मग पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, "हे चित्र काढणारा माणूस कुठं उभा असेल?" कुणी म्हणालं समोर, कुणी म्हणालं वरून. एक मुलगी ठामपणे म्हणाली की त्याला घनातून आरपार दिसत होतं. अगदी बरोबर. तुटक रेघेचा अर्थ तोच आहे.

मग अंगणात घन ठेवला, कड अर्धा मीटर, पृष्ठं काचेसारखी पारदर्शक, कडा ठळक. एकाच्या हातात फोन. बाकीच्यांना घन दिसत नाही, म्हणून फोनवाल्यानं दिसेल ते सांगायचं आणि इतरांनी ते वहीत काढायचं. "बाई, हितनं नुसता चौकोनच दिसतोय, मोठ्या चौकोनात बारका चौकोन." "आता दोन बाजू दिसत्यात." "वरनं बघितलं की मधला कोपरा पुढं येतोय." आपण जे बघतोय ते दुसऱ्याला शब्दांत सांगायचं म्हटल्यावर पृष्ठ, कड, शिरोबिंदू हे शब्द आपोआप तोंडात आले. मला ते घोकून घ्यावे लागले नाहीत. सगळ्यांच्या हातात फोन असते तर ही गरजच पडली नसती.

त्यानंतर मी कामं दिली. असं उभं राहा की फक्त एकच पृष्ठ समोर येईल. असं उभं राहा की तीन पृष्ठं तुझ्याकडे तोंड करून असतील. चार पृष्ठं तुझ्याकडे येतील अशी जागा शोध. या शेवटच्या कामावर मुलं कितीतरी वेळ घनाभोवती फिरली, उकिडवी बसली, बाकावर चढली. बाहेर उभं राहून घनाची तीनपेक्षा जास्त पृष्ठं एका वेळी आपल्या बाजूला येऊच शकत नाहीत, हे त्यांनी पायांनी शोधून काढलं. कारणही त्यांनीच दिलं: समोरासमोरच्या जोडीतलं एकच पृष्ठ आपल्याकडे येतं, आणि जोड्या तीनच आहेत. पाचवीतल्या मुलानं दिलेली ही खरीखुरी सिद्धता आहे. एकानं कोपऱ्याच्या दिशेनं तिरकं वरून पाहिलं आणि तो ओरडलाच, "बाई, षटकोन!" घनाची बाह्यरेषा सहा बाजूंची दिसते, हे त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

सगळ्यात मोलाचा भाग यानंतर आला. काम होतं: पुस्तकातलं चित्र फोनमध्ये जसंच्या तसं दिसेल अशी जागा शोधा. मुलं शोधत राहिली आणि वैतागली. जवळपास जमतं, पण नेमकं तसं दिसत नाही. पुस्तकात पुढचा आणि मागचा चौरस सारख्याच मापाचे. फोनमध्ये मागचा नेहमी बारका. शिवाय पुस्तकात पुढचं पृष्ठ अगदी नीट चौरस आहे आणि तरी वरची नि उजवी बाजूही दिसते. फोनमध्ये वरची बाजू दिसायला लागली की पुढचा चौरस बिघडतो.

यावर आम्ही बराच वेळ बोललो. लांबचं लहान दिसतं, हे मुलांना ठाऊक असतं. शाळेपुढचा डांबरी रस्ता टेकडीकडे जाताना निमुळता होत जातो, ते रोज बघतात. म्हणजे फोन दाखवतो ते डोळ्याला दिसणारं. मग पुस्तक खोटं दाखवतं का? त्यांनीच वाद घालून ठरवलं की नाही. पुस्तकाला सांगायचं असतं की घनाच्या सगळ्या पृष्ठांचं माप सारखं आहे. मागचा चौरस बारका काढला तर वाचणाऱ्याला वाटेल की तो खरंच बारका आहे. तेव्हा पुस्तकातलं चित्र म्हणजे गणितवाल्यांनी आपसांत ठरवलेली एक खूण आहे. कुठल्याच जागेवरून घन डोळ्यांना नेमका तसा दिसत नाही. हे समजल्यावर तुटक रेघेची भांडणं थांबली. ती रेघ मोजायची, कारण ती कड आहेच. आपण उभे आहोत तिथून झाकली गेली, एवढंच.

नेदरलँड्समधल्या दीना आणि पियर व्हान हीले या शिक्षक दांपत्यानं १९५७मध्ये भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार एकूण रूपावरून ओळखतं, पुढच्या पायरीवर गुणधर्मांवरून. आमच्याकडे चौरस तिरका काढला की मुलं त्याला शंकरपाळी म्हणतात, चौरस म्हणत नाहीत. ती पहिली पायरी. घनाभोवती फिरताना तेच पृष्ठ कधी चौरस दिसतं, कधी शंकरपाळीसारखं, कधी नुसती रेघ. दिसणं बदलतं, पृष्ठ तेच राहतं, हे मूल स्वतःच्या चालण्यातून अनुभवतं. मला एआरची किंमत वाटते ती इथं. पडद्यावर बोटानं घन फिरवला तर घन फिरतो आणि मूल जागच्या जागी राहतं. अंगणात घन जागच्या जागी राहतो आणि मूल फिरतं.

एक गंमत मुलांच्या लगेच लक्षात आली. कॅमेऱ्यापुढे हात धरला तर हात घनाच्या अलीकडे असूनही घन हाताच्या वर उमटतो. "माझा हात घनात शिरला!" फोनला जमीन कळली होती, पण हात पुढे आहे की मागे हे कळलं नव्हतं. पुढे असलेली वस्तू मागच्या वस्तूला झाकते, हा नियम आपला डोळा किती सहज वापरतो, हे त्यावरून बोलता आलं.

आकाराचं मापही हवं तसं ठेवता येतं, म्हणजे एका एककाला किती सेंटिमीटर ते ठरवता येतं. सहावी-सातवीच्या मुलांसाठी मी बरोबर १ मीटर कडेचा घन ठेवला आणि शेजारी १० सेंटिमीटर कडेचा. छोट्यात १ लीटर पाणी मावतं. मोठ्यात किती लीटर? आधी अंदाज लिहून घेतले. शंभर, हे सगळ्यात जास्त आलेलं उत्तर. मग एक मुलगा फोन घेऊन मोठ्या घनाच्या आत जाऊन उभा राहिला आणि तळावर छोट्या घनांच्या रांगा बोटानं दाखवू लागला: एका रांगेत १०, तळावर १००, आणि असे थर १०. हजार लीटर. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, लीटरचा हिशेब घराघरांत असतो. दहा हजार लीटरचा टँकर म्हणजे असे दहा घन, हे कळल्यावर मुलांनी अंगणात ते दहा घन कुठं कुठं मावतील याची जागा आखायला घेतली.

सातवीतल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. वाळू, खडी, सगळं त्यांच्याकडे ब्रासमध्ये चालतं. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. मी त्यांना तासाला बोलावलं. त्यांनी टेपनं १० फूट लांब आणि ५ फूट रुंद जागा मोजून फक्कीनं आखली आणि सांगितलं, "याच्यावर दोन फूट वाळू अंथरली की झाला ब्रास." फोनमध्ये आम्ही तेवढीच इष्टिकाचिती करून त्या रेघांवर ठेवली. मीटरमध्ये मापं ३.०५, १.५२ आणि ०.६१ अशी येतात, तेही मुलांनीच काढलं. चिती फक्कीच्या रेघांशी तंतोतंत जुळली नाही, थोडी इकडेतिकडे होत राहिली. मापाच्या बाबतीत फोनवर विसंबू नये, टेपच खरा, हे यातून सगळ्यांना दिसलं. गवंडीदादांनी पडद्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ट्रॉलीत साधारण एवढीच बसती." मग मुलांनी विचारलं की वाळूचा ढीग दुसऱ्या मापाचा असला तर? ५ × ५ × ४ही ब्रासच आणि १० × १० × १ही ब्रासच. तिन्ही आकार एकामागून एक जमिनीवर ठेवून पाहिले. उंचीनं कमरेपलीकडचा ढीग आणि फूटभर पसरलेला थर यांत वाळू सारखीच, हे सूत्रानं पटतं त्याहून जास्त असं पटतं.

घडणीच्या पाठाला मात्र मी हात आणि पुठ्ठा यांनाच मोठा वाटा दिला. अ‍ॅपमध्ये घन उलगडायची सोय आहे, सरकपट्टी सरकवली की सहा पृष्ठं फुलासारखी उघडतात आणि पुन्हा मिटतात. कुठलं पृष्ठ कुठं जाऊन बसतं हे बघायला ते फार छान आहे. पण तिथं घन एका ठराविक पद्धतीनं उलगडतो, आणि घनाच्या वेगवेगळ्या घडणी ११ आहेत. सहा चौरस कडेला कड लावून एकूण ३५ प्रकारे मांडता येतात. त्यांपैकी अकराचाच घन होतो. जुन्या लग्नपत्रिकांचे चौरस कापून चिकटपट्टीनं जोडत मुलांनी त्या अकराच्या अकरा शोधल्या. पलटलेली घडण वेगळी धरायची की तीच, यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी कागद उलटा ठेवून जुळवून पाहिल्यावर ती एकच, असं ठरलं. फोननं हे काम केलं असतं तर तो वाद झालाच नसता.

संख्याज्ञानासाठी मी एआर वापरत नाही. बेरजेचे फुगे हवेत तरंगताना दाखवणारी, प्राणी नाचवणारी कितीतरी अ‍ॅप्स मिळतात. मी काही पाहिली. मूल फुगा फोडण्यात रमतं आणि बेरीज बाजूला राहते. एकक-दशक शिकायला गणित पेटीतले मणी आणि काड्यांचे गठ्ठे पुरेसे आहेत. दहा काड्यांना रबर लावताना जो दशक कळतो तो हवेतल्या चित्रातून कळत नाही. जे हातात धरता येतं ते हातातच द्यावं. एआर लागतं ते हातात न मावणाऱ्या, आरपार न दिसणाऱ्या, किंवा आत शिरून पाहता न येणाऱ्या वस्तूंसाठी.

पालकांच्या शंका रास्त होत्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक आजोबा म्हणाले, "घरी मोबाईल काढून घ्यायचा आणि शाळेत बाईंनी द्यायचा, हे कसं?" मी त्यांना तासाला बसायला सांगितलं. फोन एकच, तोही एकाच्या हाती दोन-तीन मिनिटं, बाकी सगळा वेळ चित्र काढणं, मोजणं आणि भांडणं, हे त्यांनी पाहिलं. मी मोबाईलवरचा गृहपाठ कधी देत नाही. ज्यांच्या घरी तसा फोन नाही त्या मुलांना मागे टाकणारं काही मला करायचं नाही.

काही आठवड्यांनी मी फळ्यावर चौरस पायाच्या सूचीचं चित्र काढलं. हा आकार आम्ही फोनमध्ये पाहिलेला नव्हता. बहुतेकांनी ८ कडा, ५ शिरोबिंदू, ५ पृष्ठं बरोबर सांगितली, आणि मागच्या झाकलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितली. दोन-तीन मुलं अजून अडतात. त्यांना अंगणात जमतं, वहीत जमत नाही. त्यांच्यासाठी मी तारेचे आणि चिकणमातीच्या गोळ्यांचे सांगाडे करून घेते आहे, कारण सांगाड्यात मागची कड डोळ्यांना दिसतेही आणि बोटांना लागतेही.

सध्या मुलांनी एक तक्ता भिंतीवर लावला आहे. त्यात प्रत्येक आकाराचे शिरोबिंदू, पृष्ठं आणि कडा लिहायच्या. घन, इष्टिकाचिती, त्रिकोणी चिती, सूची, सगळीकडे शिरोबिंदू आणि पृष्ठं मिळवून कडा वजा केल्या की २ उरतात, हे सातवीतल्या मुलींनी हेरलं. हे ऑयलरचं सूत्र आहे हे मी नंतर सांगितलं. आता वृत्तचितीवरून वाद पेटला आहे, तिच्या वक्र बाजूला पृष्ठ म्हणायचं का आणि गोल काठाला कड म्हणायचं का.

पुढच्या महिन्यात छेद घ्यायचे आहेत. घन सपाट सुरीनं कापला तर कापलेल्या जागी त्रिकोण येतो, चौरस येतो, पंचकोन आणि षटकोनही येतो. अ‍ॅपमध्ये प्रतल, म्हणजे सुरीसारखी सपाट पातळी, सरकवून ते दाखवता येईल, पण त्याआधी बटाट्याचे घन करून कापायचे. बटाटे मुलं घरून आणणार आहेत, सुरी मीच चालवणार.